डाव्या दाराचा पोचा

ठण्ण!

हा आवाज मी कधी विसरलो नाही. फार वर्षं झाली त्याला. सुरगाण्याच्या डोंगरातला एक पाडा. खळ्यात नागलीची कणसं पसरलेली. तिथं एका बाईनं दोन्ही हातांनी मुसळ उचललं आणि माझ्यावर घातलं. आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. कोंबड्या पळाल्या. कुत्रं भुंकायचं विसरलं. आणि माझ्या अंगात वाटीएवढा खड्डा पडला.

मी पत्रा बोलतोय. त्या दिवशी मी एका जुन्या जीपचं डावं दार होतो. आज मी हातभर लांबीची खेळण्यासारखी जीप आहे आणि नाशकात, म्हसरूळच्या एका फ्लॅटमध्ये पाटावर ठेवलेला आहे. माझ्या गळ्यात झेंडूचा हार आहे. चाकाखाली लिंबू आहे. अंग असं चकाकतंय की समोरच्याला आपलं तोंड दिसावं.

मला सावकाश बोलायची सवय आहे. मोठा आवाज मला जमत नाही. पण आज मी रागात आहे. पत्र्याला कसला राग, असं तुम्हाला वाटत असेल. पत्रा तापतो हे तरी तुम्हाला माहीत आहे.

ज्या बाईनं मुसळ घातलं तिचं नाव भागीबाई. समोर उभा असलेला माणूस तिचा नवरा, मंगळू. त्यानं बैलांची जोडी देऊन ही जुनी जीप आणली होती. बैल तिचे होते. वासरं असल्यापासून तिनं वाढवलेले. त्यातला एक आजारी पडला तेव्हा ती गोठ्यातच निजायची. मंगळू सकाळी बैल घेऊन गेला आणि दिवस मावळताना जीप घेऊन आला. मोठ्या तोऱ्यात हॉर्न वाजवत आला.

"बैल कुठं हायत?" तिनं विचारलं.

"भागे, आधी बस तर खरी. पुढं बस. गादी बघ कशी हाय."

"बैल कुठं हायत?"

"अगं, बैल किती चालणार? ही दिवसातून वणीला जाऊन परत येईल. तुला चालायला नको."

"मला इचारलं?"

मंगळू हसला. तिथंच तो चुकला.

"तुला काय इचारायचं? तुला गाडीतलं काय कळतं?"

ती आत गेली आणि मुसळ घेऊन आली. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं होतं. त्याचा घाव माझ्या मधोमध बसला. मग मुसळ खाली टाकून ती म्हणाली, "कळलं आता. पत्रा लय पातळ हाय."

मी पातळच होतो. खोटं नव्हतं तिचं.

मंगळूनं तिच्यावर हात उचलला नाही, तो ओरडलाही नाही. अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिला आणि त्या खड्ड्यावरून हात फिरवत राहिला. तिनं भाकरी आणून पुढ्यात ठेवली. सकाळी निघताना त्यानं तळहात पोच्यावर ठेवला आणि चुलीकडे पाहून विचारलं, "भागे, वणीला जाऊ का?"

ती पाठमोरी होती. फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, "जा."

त्या दिवसापासून मंगळूनं तिला विचारल्याशिवाय काही केलं नाही. भाताचं बियाणं कुठलं घ्यायचं, पाहुण्याला किती दिवस ठेवायचं, पोराला कुठल्या शाळेत घालायचं. आधी हात माझ्यावर यायचा, मग तोंडातून प्रश्न यायचा. कधी ती "नाय" म्हणायची. मग ती गोष्ट व्हायची नाही. आयुष्यभर असंच चाललं. माणसं कागदावर सह्या करून जे पाळत नाहीत, ते या माणसानं एका पोच्यावर हात ठेवून पाळलं.

पण ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. बायकोनं मुसळ घातलं असं कळलं तर लोक तिला हसतील, नावं ठेवतील. म्हणून कुणी विचारलं की तो सांगायचा, "बैलानं शिंग मारलं. लय मारका होता."

जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसायची. द्राक्षांच्या बागांवर कामाला निघालेली, बोचकी, पातेली, पोरं, कोंबड्यांची डालगी घेतलेली. भागीबाईची जागा पुढची, डाव्या दाराशी. सगळ्यात बाहेर. वळणावर ती मला घट्ट धरायची. मागून कुणीतरी विचारायचंच, "मंगळूभाऊ, दाराला काय झालं हो?"

"बैल," मंगळू म्हणायचा. "लय मारका."

"मग काय केलं त्या बैलाचं?"

"काय करणार? पुढं घेऊन बसलोय."

मागचे हसायचे, त्यांना काही कळायचं नाही. भागीबाई पदर तोंडात धरून बाहेर बघायची. तिचा खांदा हसण्यानं माझ्यावर हलायचा. ते हलणं फक्त मला ठाऊक आहे.

दसरा आला की वणीच्या गॅरेजात जीपांची रांग लागायची. सगळ्यांना दसऱ्याआधी पोचे काढून घ्यायचे असत. ठोकाठोकी, मग लांबीचा लगदा भरणं, मग पॉलिश पेपरनं घासणं, मग रंग. वर्षभर गाडी कशीही पळवतील, पण हार घालायच्या दिवशी तिच्या अंगावर वळ दिसायला नको. मिस्त्री दरवर्षी माझ्यावर बोटानं टकटक करायचा.

"मंगळू, औंदा तरी काढू का हा? दसऱ्याला बरं दिसत नाही."

"राहू दे."

"अरे, गाडीला शोभा येईल."

"गाडीला येईल. मी परत इसरेन त्याचं काय?"

मिस्त्री म्हणायचा, या माणसाचं डोकं घाटात गाडी चालवून फिरलंय.

त्यांचा मुलगा मयूर त्याच जीपमधून तालुक्याच्या शाळेत जायचा. पोरं त्याला 'पोचेवाला' म्हणायची. एकदा तो घरी येऊन रडला. "बाबा, तेवढा पोचा काढा ना. सगळे हसतात." मंगळूनं त्याला जवळ घेतलं आणि त्यालाही बैलाचीच गोष्ट सांगितली. मंगळू, तू गेलास, पण तुझ्यावरही माझा थोडा राग आहे. जगाला बैल सांगितलास, ठीक. पोराला तरी खरं सांगायचं होतंस.

पुढं जीप म्हातारी झाली. तिला पासिंग मिळेना. घाटात धूर सोडत चढायची आणि मधेच बसायची. मयूर नोकरीला सातपूरला लागला होता, त्यानं म्हसरूळला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि आईबापांना बोलावलं. मंगळूनं बायकोला विचारलं. ती "चल" म्हणाली. तिचे डोळे तेव्हापासूनच अधू होत चालले होते. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा.

जीप न्यायला भंगारवाला आला. मंगळूनं पान्यानं मला काढून बाजूला ठेवलं.

"हे दार सोडून बाकी न्या."

भंगारवाला म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा दार मी नेतो, जीप तुम्ही ठेवा."

"दार नाय म्हटलं ना."

अशा तऱ्हेनं मी टेम्पोत बसून नाशकात आलो. मुसळही आलं. भागीबाईनं ते सोडलं नाही. मिक्सर असलेल्या घरात मुसळ कशाला, असं सूनबाईला, संध्याला, वाटलं असेल. पण तिनं ते पुसून दाराआड उभं केलं. मला गॅलरीत जागा मिळाली. संध्या माझ्यावर फडकी वाळत घालायची.

भागीबाईची नजर पूर्ण गेली त्या वर्षी पावसाळा फार लांबला. ती दिवसभर बसून असायची. विचारायची, "बाहेर काय दिसतं?" मंगळू सांगायचा, "बिल्डिंग." दुसऱ्या दिवशी विचारलं तरी बिल्डिंगच. मग एकदा त्यानं तिचा हात धरून तिला गॅलरीत आणलं आणि तो हात माझ्यावर ठेवला. तिचा अंगठा चाचपडत पोच्यापाशी आला आणि आत उतरला. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ती एवढंच म्हणाली, "मारका बैल."

त्यानंतर मंगळूनं ठरवलं. म्हणजे आधी तिला विचारलं, मग ठरवलं.

"भागे, याची धाकटी जीप करू का? तुझ्या मांडीवर मावंल अशी."

"कर. पण पोचा?"

"बाकी सगळं धाकटं करतो. तो हाय तेवढाच ठेवतो."

त्यानं मला कापलं. कातर चालली तेव्हा मला दुखलं असेल तर मी ते विसरलो. टप, बॉनेट, मडगार्ड असे माझे तुकडे झाले. त्यानं ते एकेक वाकवले आणि कथलाचा डाग देऊन जोडले. पोच्याचा तुकडा त्यानं सगळ्यात शेवटी हातात घेतला आणि त्याचं डावं दार केलं. सबंध दारच पोच्याचं झालं. चाकं जुन्या चपलेच्या रबराची, पाटीवर नंबर जुन्या जीपचाच. पुढचे दिवे म्हणजे भागीबाईच्या डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं. औषध संपत गेलं, झाकणं उरली होती. स्टिअरिंगला त्यानं मयूरच्या लहानपणीचा वाळा लावला. पोरगा चालायला लागला तेव्हा काढून ठेवलेला.

अशी जीप तुम्ही कुठल्या दुकानात पाहिली नसेल. थोडी वाकडी होती. डागाचे ठिपके दिसायचे. पण भागीबाई मला मांडीवर घ्यायची आणि बोटांनी अख्खी जीप फिरून यायची. दिव्यांपाशी म्हणायची, "ही माझी झाकणं." वाळ्यापाशी म्हणायची, "हे माझं पोर." शेवटी अंगठा पोच्यात ठेवून गप्प बसायची. मंगळू शेजारी बसून विचारायचा, "कुठं जायचं?" ती सांगायची, "वणी." मग दोघं वणीला जायचे. घाट, वळणं, उतार, सगळं. तोंडानं हॉर्न मंगळू वाजवायचा.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मंगळू गेला. झोपेतच. त्यानंतर भागीबाईला "जाऊ का" असं विचारणारं कुणी उरलं नाही. घरात सगळे चांगले आहेत. तिला वेळेवर जेवण आहे, औषध आहे. पण जेवणात काय हवं हे कुणी विचारत नाही. पंखा लावू का, हे विचारत नाही. तिच्यासाठी सगळं परस्पर होतं आणि प्रेमानं होतं. तिच्या बाजूचं म्हणावं असं एकच काही उरलं होतं, तो पोचा. रोज संध्याकाळी ती मला मांडीवर घ्यायची आणि अंगठा आत ठेवायची.

आता मयूरचं सांगतो. इथून माझा राग सुरू होतो.

मयूर वाईट नाही. वाईट असता तर मी इतका तापलो नसतो. बाप गेल्यावर त्यानं माझा फोटो काढून मोबाईलवर कुठल्याशा ग्रुपमध्ये टाकला. गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांचा तो ग्रुप. तिथल्या धनराज नावाच्या माणसानं लगेच लिहिलं, 'घेऊन या, बघायचीय.' यंदा दसऱ्याआधीच्या रविवारी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं.

मयूरनं आईला सांगितलं, "आई, बाबांची जीप जरा लोकांना दाखवून आणतो."

भागीबाईनं मला छातीशी धरलं, मग त्याच्याकडे दिलं. "दाखव. पण सांभाळ."

दाखव म्हणाली ती. एवढंच म्हणाली.

मयूर मला आधी धनराजच्या घरी घेऊन गेला; तिथं एक खोली नुसती गाड्यांची आहे. काचेच्या कपाटात बोटाएवढ्या, वितीएवढ्या. जुन्या मोटारी, ट्रक, एसटीसुद्धा. टेबलावर केसाएवढे ब्रश, चिमटे, रंगाची छोटी बंदूक. माणूस हौशी आहे. मला त्यानं दोन्ही हातांनी उचललं, चष्मा वर करून पाहिलं. कुणी मला असं धरलं की मला बरं वाटतं. तेव्हाही वाटलं.

कपाटात एक ट्रक होता. त्याच्या बंपरवर गंज होता आणि चाकांवर चिखल. धनराज मयूरला म्हणाला, "हा गंज बघा. खोटा आहे. रंगानं आणलाय. चिखलही खोटा. गाडी खूप फिरलेली वाटली पाहिजे, यातच सगळी कला आहे."

मग त्याची नजर माझ्या डाव्या दाराकडे गेली.

"बाकी काम झकास केलंय बाबांनी. फक्त हा पोचा मापात नाही. एवढ्याशा जीपला एवढा पोचा म्हणजे खऱ्या जीपला केवढा झाला? कशानं झाला होता?"

"बाबा म्हणायचे, बैलानं शिंग मारलं."

"बैल होता की हत्ती?"

दोघंही मोठ्यानं हसले. मी टेबलावर होतो. माझ्याशेजारी खोट्या चिखलाचा तो ट्रक होता.

धनराज म्हणाला, "ठेवायचा तर मी मापात आणून देतो. नखाएवढा. खरा वाटेल."

खरा वाटेल! अरे, तो खराच होता. जेवढा पडला तेवढाच होता. तो लहान करायचा नाही असं दोन माणसांनी गॅलरीत बसून ठरवलं होतं. मला तोंड असतं तर त्या खोलीतली सगळी कपाटं मी हादरवली असती.

मयूरनं हसणं आवरलं. मग म्हणाला, "नको. काढूनच टाका. लहानपणी या पोच्यापायी फार ऐकून घेतलंय मी. बाबांना कधी नवी गाडी जमली नाही. दसऱ्याला आईच्या हातात नवी कोरी जीप द्यायची, बास."

त्याचे डोळे पाणावले होते. म्हणून तर मी अधिक चिडलो. खुनशीपणानं कुणी काही केलं तर त्याला शिव्या घालता येतात. डोळ्यांत पाणी आणून केलेल्या गोष्टीला काय म्हणायचं?

धनराजनं छोटी हातोडी घेतली. आतून ठोकायला लागला. टक टक टक. भागीबाईनं एका घावात जे केलं ते काढायला त्याला दुपार लागली. मग उरल्यासुरल्या जागी लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. औषधाची झाकणं काढून पेटणारे दिवे बसवले. वाळा काढला आणि प्लॅस्टिकचं बारीक, सुबक स्टिअरिंग लावलं. वाळा कसला आहे हे मयूरला ठाऊक नव्हतं. तुझाच होता रे तो. धनराजनं तो एका डबीत टाकला. खिळे, स्क्रू आणि तुझा वाळा.

मग पांढरा रंग. त्यावर चमक. त्यावर आणखी चमक.

प्रदर्शनात माझ्यापुढे गर्दी झाली. लोक फोटो काढत होते. धोतर आणि टोपी घातलेला एक म्हातारा नातवाबरोबर आला होता. दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार, भिमाजी. त्यानं माझ्या नंबराची पाटी वाचली आणि थबकला.

"ही आमच्या मंगळूची जीप! माझ्या बागेवर हीच मजूर सोडायची." मग तो वाकून या बाजूनं, त्या बाजूनं पाहू लागला. "पण हिला पोचा होता ना?"

"होता, काका. काढला," मयूर म्हणाला.

"काढला?"

"हो. कसा काढलाय बघा, खूणसुद्धा नाही."

भिमाजी सरळ उभा राहिला. "बरोबर हाय. खूण नाय म्हटल्यावर मी कशाला वाकून बघतो?" आणि नातवाला म्हणाला, "चल, पुढची बघू."

मयूर हसला. त्याला ती गंमत वाटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी घरी आलो. भागीबाई आतल्या खोलीत झोपली होती. संध्यानं मला पाहिलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. ती तेव्हा हार ओवत होती.

"पोचा कुठंय?" तिनं विचारलं.

"काढला. मस्त झालीय ना?"

"आईंना विचारलं होतं?"

"अगं, सरप्राईज कुणी विचारून देतं का?"

"त्या रोज त्यात अंगठा ठेवून बसतात, मयूर. तू कामावर असतोस, तुला दिसत नाही. रोज बसतात."

"सवय असेल. आता नवीन सवय लागेल." तो माझं बॉनेट रुमालानं पुसत होता. "आणि तुला गाडीतलं काय कळतं?"

हे शब्द मी आधी ऐकले होते. खळ्यात, दिवस मावळताना. तसेच्या तसे. बापानं ते एकदा म्हटले आणि आयुष्यभर त्यांच्या खुणेवर हात ठेवून जगला. पोरानं तीच खूण पुसून टाकली आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. संध्याच्या हातात मुसळ नव्हतं, हाराची सुई होती. ती तिनं खाली ठेवली.

आज दसरा. सकाळी मयूरनं खाली जाऊन मोटारसायकल धुतली, हार घातला. वर पाट मांडला. पाटावर कोयता, विळा, त्याचे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि मधे मी. मुसळ भागीबाईनं स्वतः चाचपडत भिंतीशी आणून उभं केलं. त्याच्या लोखंडी कड्याला तिनंच कुंकू लावलं. मग ती पाटाजवळ बसली.

"आई, हात पुढं कर," मयूर म्हणाला.

त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिचा चेहरा उजळला. बरेच दिवस मी घरात नव्हतो. "आला का?" असं ती म्हणाली. माझ्याशी ती नेहमी असंच बोलते, मी माणूस असल्यासारखं.

बोटं बॉनेटवर आली. तिथं थोडी घसरली. "तेल लावलंस?"

"तेल नाही आई, रंग आहे. पुढं बघ."

बोटं दिव्यांपाशी गेली. तिथं झाकणं नव्हती. ती थांबली. मग बोट खिडकीतून आत घातलं, स्टिअरिंगवर ठेवलं. प्लॅस्टिकवर तिचं बोट फिरलं, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. तिच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता तिचं नव्हतं. आणि मग तिनं मला वळवलं. डावं दार तिच्याकडे आलं.

अंगठा बरोबर जागेवर आला. डोळे नसलेल्या माणसाचा अंगठा चुकत नाही. तो खाली उतरायला गेला आणि त्याला उतरायला जागाच मिळाली नाही. तो घसरला. तो परत आला. पुन्हा घसरला. मग तिनं सगळा तळहात ठेवला आणि वरून खाली, खालून वर, हळूहळू शोधत राहिली.

"शोधून सापडणार नाही!" मयूर आनंदानं म्हणाला. "काढला आई तो. बाबांना आयुष्यात जमलं नाही, ते करून आणलं. कसं गुळगुळीत झालंय बघ!"

संध्या दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

भागीबाईचा हात थांबला. तिनं मला मांडीवरून उचललं आणि चाचपडत पाट शोधून पाटावर ठेवलं. हळूच ठेवलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"आई?" मयूरचं हसू आता कमी व्हायला लागलं होतं. "आवडली ना? बोल की."

मी आजवर कुणापाशी काही मागितलं नाही. ऊन सोसलं, पाऊस सोसला, कातर सोसली. आज मागतो. भागीबाई, ते मुसळ तुझ्यापासून हातभर आहे. उठ आणि घे. एकदा विचार, मला इचारलं का? आणि घाल माझ्यावर. रंग उडू दे, लांबी निखळू दे, हे विकत आणलेले दिवे फुटू देत. मी अजून पातळच आहे. एका घावात होईल. तुझा पोरगा दचकेल, मग विचारेल, आई, का? आणि तू त्याला सांगशील. बैल नव्हता म्हणून सांगशील.

ती उठली. एक हात भिंतीला लावून उभी राहिली. भिंतीवरून सरकता सरकता तो हात मुसळाला लागला आणि तिथं थांबला. बोटं खाली खाली लोखंडी कड्यापर्यंत गेली. कुंकू बोटांना लागलं. मयूर बघत होता. मी बघत होतो.

मग तिनं मुसळावरचा हात काढला, भिंतीवर ठेवला, आणि भिंत धरत धरत आतल्या खोलीत निघून गेली.